मिडलसेक्सचा पत्ता

गेल्या दिवाळीत एका मराठी घरी फराळाला गेलो होतो. सोबत नेलेल्या शुभेच्छापत्राच्या पाकिटावर सवयीनं मी माझा पत्ता घातला होता : घर क्रमांक, रस्ता, हॅरो, मिडलसेक्स. ते पाकीट हातात घेऊन एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, ‘‘मिडलसेक्स १९६५ साली संपलं. हा पत्ता आता कुठल्याच नकाशावर नाही.’’ त्यांची उभी नोकरी इथल्या नगरप्रशासनात गेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. पुढे ते बरंच बोलले. संसदेनं कायदा करून काउंटी रद्द केली, तिथं विषय मिटला. मिडलसेक्सला स्वतःचं असं कधी काही नव्हतंच, ते लंडनचं परसदार होतं. आणि आज जे त्या नावाला धरून बसतात, त्यांना मनातून जुनं, गोरं, आपण येण्याआधीचं इंग्लंड हवं असतं. आपल्यासारख्यानं त्यांच्या नादी का लागावं?

ताटावर वाद वाढू नये म्हणून मी काही बोललो नाही. त्या न बोलण्याचं मला तेव्हापासून वाईट वाटतं आहे. त्यांच्या तीन मुद्द्यांपैकी पहिला चुकीचा आहे, दुसरा अर्धा खरा आहे आणि तिसरा माझ्या पिढीवर अन्याय करणारा आहे. म्हणून हे उत्तर.

आधी कायदा. १९६३ चा लंडन गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट १ एप्रिल १९६५ पासून अमलात आला. त्यानं मिडलसेक्सची काउंटी आणि तिची कौन्सिल ‘अस्तित्वात राहणार नाही’ असं म्हटलं, हे मी नाकारत नाही. पण त्या कलमात हे कशाबद्दल म्हटलं आहे, ते नीट वाचायला हवं. तिथे शब्द आहेत प्रशासकीय क्षेत्रांचे. करवसुली, शाळा, रस्ते, अग्निशमन दल यांच्यासाठी आखलेली एक हद्द आणि ती सांभाळणारी एक कचेरी, इतकंच त्या दिवशी संपलं. माझ्या स्नेह्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट अशी, की त्याच कलमात, त्याच वाक्यात, दुसऱ्या एका काउंटीलाही तेच शब्द लागू केले आहेत. तिचं नाव लंडन. १८८९ साली तयार झालेली लंडनची काउंटीही मिडलसेक्सबरोबर एकाच लेखणीनं रद्द झाली. तिच्या जागी मोठं बृहन्लंडन आलं. १ एप्रिल १९८६ ला त्या बृहन्लंडनची कौन्सिलही सरकारनं मोडली, आणि २००० सालापर्यंत या एवढ्या थोरल्या शहराला स्वतःचं निवडून दिलेलं सरकार नव्हतं. त्या चौदा वर्षांत लंडन नाहीसं झालं होतं, असं कोणी म्हणतं का? कौन्सिल गेल्यानं जागा मरत असेल, तर लंडनचं मरण आधी मान्य करावं लागेल. ते मान्य नसेल, तर मिडलसेक्सला वेगळा न्याय कशाच्या आधारावर?

शिवाय कायद्यानं स्वतःही हे नाव पुरतं टाकलं नव्हतं. बृहन्लंडनमध्ये मॅजिस्ट्रेटांच्या कामासाठी १९६४ च्या कायद्यानं पाच क्षेत्रं पाडली. चार क्षेत्रांना दिशांची आणि ‘आतलं लंडन’ अशी नावं दिली, पाचव्याला मिडलसेक्स. ही व्यवस्था २००३ पर्यंत चालली. म्हणजे ज्या वर्षी मिडलसेक्स ‘संपलं’ असं स्नेही सांगतात, त्यानंतर अडतीस वर्षं इथल्या न्यायदानाच्या कामात ते नाव वापरात होतं. टपालखात्यानंही १९६५ नंतर लंडनच्या टपालहद्दीबाहेरच्या हॅरो, एनफील्ड, ट्विकनहॅम, अक्सब्रिज अशा गावांसाठी मिडलसेक्स कायम ठेवलं. १९९६ साली त्यांनी पत्त्यात काउंटी लिहिण्याची गरजच काढून टाकली. ती सगळ्याच काउंट्यांची काढली, एकट्या मिडलसेक्सची नव्हे. आणि जे मला ‘हॅरो, लंडन’ लिहायला सांगतात, त्यांनी टपालाचे नियम पाहावेत. हॅरोचं टपालाचं गाव हॅरोच आहे, लंडन नाही.

स्नेही म्हणतात, संसद सार्वभौम आहे, ती बोलली की संपलं. संसदेला हे उत्तर मिडलसेक्सनंच एकदा दिलेलं आहे. मार्च १७६८ मध्ये मिडलसेक्सच्या मतदारांनी ब्रेंटफर्डला जॉन विल्क्सला निवडून दिलं. राजाच्या मंत्र्यांवर लिहिल्याबद्दल खटला झालेला, परागंदा होऊन परतलेला माणूस. पुढच्या फेब्रुवारीत कॉमन्स सभागृहानं त्याला हाकलून दिलं. मिडलसेक्सनं त्याला पुन्हा निवडलं. सभागृहानं निवडणूक रद्द केली. मिडलसेक्सनं परत निवडलं. पुन्हा रद्द. एप्रिल १७६९ मध्ये सरकारनं हेन्री लट्रेल नावाचा उमेदवार समोर उभा केला. विल्क्सला १,१४३ मतं पडली, लट्रेलला २९६, आणि सभागृहानं लट्रेलला सदस्य म्हणून बसवलं. शेकडो पत्रकं निघाली, लंडनच्या भिंतींवर ४५ हा आकडा रंगवला गेला, कारण विल्क्सच्या नियतकालिकाच्या पंचेचाळिसाव्या अंकावरूनच त्याच्यावर खटला झाला होता. मतदारांनी निवडलेल्या माणसाला सभागृह नाकारू शकतं का, हा प्रश्न इथून सबंध इंग्लंडभर गेला आणि अटलांटिकपलीकडच्या वसाहतींतही पोचला. १७७४ साली विल्क्स मिडलसेक्सचा सदस्य म्हणून सभागृहात बसलाच. १७८२ मध्ये त्याच कॉमन्सनं आपल्या कामकाजाच्या बाडातून १७६९ चा तो ठराव खोडून टाकला. ज्या काउंटीमुळे संसदेला आपला निर्णय आपल्याच हातानं खोडावा लागला, त्या काउंटीच्या बाबतीत ‘संसद बोलली की संपलं’ हा युक्तिवाद कोणी करावा, याचं मला दुःख होतं.

आणि संसदेनं अशा गोष्टी परत फिरवल्याचं हे एकच उदाहरण नाही. १९७४ साली रटलँड ही इंग्लंडमधली सर्वांत लहान काउंटी लेस्टरशरमध्ये घातली. तिथल्या लोकांनी तेवीस वर्षं तक्रार चालू ठेवली आणि १ एप्रिल १९९७ ला रटलँडची कौन्सिल परत आली. त्याच १९७४ साली कागदावर आखलेल्या एव्हन आणि हंबरसाइड या काउंट्या १९९६ मध्ये मोडल्या, तेव्हा त्यांच्यासाठी असा लढा उभा राहिला नाही. दोन्हींना कौन्सिल होती, हद्द होती, कचेरी होती. रटलँडजवळ होतं ते त्यांच्याजवळ नव्हतं. कचेरी आणि काउंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मी देऊ शकत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे मला बरंच मान्य करावं लागेल. मिडलसेक्स लंडनच्या सावलीत वाढलं हे खरं. बाराव्या शतकापासून १८८८ च्या कायद्यापर्यंत मिडलसेक्सचा शेरीफ निवडण्याचा हक्क लंडन सिटीकडे होता. दुसऱ्या कुठल्या काउंटीचा शेरीफ शेजारच्या शहरानं नेमावा, असं इंग्लंडात घडलं नाही. कॅथीड्रलचं गाव मिडलसेक्सला नव्हतं. काउंटीचं मुख्य ठाणं कुठलं, यावर आजही एकमत होत नाही, निवडणुका ब्रेंटफर्डला आणि न्यायाची सत्रं क्लार्कनवेलला. १८८९ साली आग्नेयेकडचा दाट वस्तीचा भाग लंडनच्या काउंटीत गेला. मिडलसेक्सचं गिल्डहॉल वेस्टमिन्स्टरला, म्हणजे तेव्हापासून काउंटीच्या प्रशासकीय हद्दीबाहेर, आणि पुढली शहात्तर वर्षं काउंटीचा कारभार तिथूनच चालला. हे सगळं मला मान्य आहे.

पण लंडनचं परसदार म्हणून तिची बोळवण करताना एक गोष्ट विसरली जाते. मिडलसेक्स हे नाव मध्य-सॅक्सन लोकांचं आहे, आणि ते इसवी सन ७०४ च्या एका दानपत्रात येतं. ते दान ट्विकनहॅमच्या जमिनीचं आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखातलं गाव आणि आज ज्या स्टेशनावर मी गाडी बदलतो ते गाव, एकच. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत मिडलसेक्सचे सहा हंड्रेड आहेत, आपल्या जुन्या परगण्यांसारखे : ऑसलस्टन, एडमंटन, एल्थॉर्न, गोर, स्पेलथॉर्न, हाउन्स्लो. माझं घर गोर हंड्रेडमध्ये येतं. १९६५ मध्ये स्टेन्स आणि सनबरी ही मिडलसेक्सची गावं सरेला जोडली. १९७४ मध्ये त्या दोघांची मिळून नवी बरो, म्हणजे स्थानिक नगरपालिका, करायची वेळ आली, तेव्हा तिला नाव दिलं ते स्पेलथॉर्न. सरेच्या बरोला नऊशे वर्षांपूर्वीच्या मिडलसेक्सचं नाव. आणि चतुःसीमा विचाराल तर दक्षिणेला थेम्स, पूर्वेला ली, पश्चिमेला कोलन, उत्तरेला हार्टफर्डशरकडचा टेकड्यांचा कणा. तीन नद्यांनी आखलेल्या जागेला स्वतःचं काही नव्हतं असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या नद्यांच्या काठानं चालून पाहावं.

मला माझ्या स्नेह्यांना हार्मंड्सवर्थला न्यायचं आहे. हीथ्रोच्या उत्तर कुंपणापासून थोड्याच अंतरावर एक ओकच्या लाकडाचं कोठार आहे, १४२६ च्या सुमाराचं, विंचेस्टर कॉलेजनं आपल्या शेताचं धान्य ठेवायला बांधलेलं. लांबी १९२ फूट. आत शिरलं की दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, वर आढ्यापर्यंत लाकडाची गुंफण, आणि त्या जुन्या सुताराच्या पटाशीच्या खुणा अजून खांबांवर दिसतात. कवी जॉन बेटजमननं त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं होतं. कॅथीड्रल नाही म्हणून या काउंटीला हिणवणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा बाहेरून विमानांचा आवाज येत होता आणि आत कौलांच्या फटींतून उजेडाच्या काड्या जमिनीवर पडल्या होत्या. माझ्या आजोळच्या वाड्यात धान्याची बळदं होती, त्या अंधाराचा वास मला आठवला. हीथ्रो हेसुद्धा आधी याच हार्मंड्सवर्थ गावाच्या हद्दीतलं एक खेडं. जगातलं एक सर्वांत गजबजलेलं विमानतळ मिडलसेक्सच्या एका खेड्याचं नाव घेऊन फिरतं आहे.

त्याच परिसरातल्या माळावर १७८४ साली विल्यम रॉय या सर्वेक्षकानं हीथ्रोजवळच्या एका टोकापासून हॅम्प्टनपर्यंत २७,४०४ फुटांची एक रेषा मोजली. आधी लाकडी दांडे, मग काचेच्या नळ्या, हवेनं लांबी बदलू नये म्हणून केवढी काळजी. त्या पायारेषेवरून त्रिकोण मांडत ब्रिटनचं नकाशाकाम सुरू झालं, आणि तीच पद्धत घेऊन लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासला भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली रेषा मोजली. दोन्ही टोकांना पुरलेल्या तोफा अजून जागेवर आहेत. ‘कुठल्याच नकाशावर नाही’ हे वाक्य स्नेह्यांनी उच्चारलं, ते ज्या जागेवर नकाशे सुरू झाले तिच्याबद्दल.

मराठी वाचकाला याचं काय? बरंच काही. सावरकर १९०६ मध्ये विलायतेत आले आणि श्यामजी कृष्णवर्मांच्या इंडिया हाउसमध्ये राहिले. आपल्या सगळ्या पुस्तकांत ते ‘लंडनला’ राहिले असं छापलेलं आहे. इंडिया हाउस हायगेटमधल्या क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर, हॉर्न्सी बरोच्या हद्दीत होतं. हॉर्न्सी तेव्हा लंडनच्या काउंटीत नव्हतं, ते मिडलसेक्समध्ये होतं. मदनलाल धिंग्रा ज्या घरात येत-जात असत, ज्या घरावर गुप्त पोलिसांचा पहारा असे, ते घर मिडलसेक्सचं. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची आजची वास्तू डॉलिस हिलला, जुन्या विल्सडनमध्ये आहे, आणि विल्सडन हीसुद्धा मिडलसेक्सची बरो. गणपतीच्या आरतीला तिथे उभं राहणारे आपले किती लोक हे जाणतात?

क्रिकेटवाल्यांना तर मी काही सांगायलाच नको. मिडलसेक्सचा डेनिस कॉम्प्टन महायुद्धात नेमणुकीवर हिंदुस्थानात होता, तेव्हा १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तो होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळला. ब्रेबर्नवर चौथ्या डावात नाबाद २४९ केल्या. मर्चंटच्या २७८ पुढे तेही कमी पडलं आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. आपल्या आजोबांच्या पिढीला मिडलसेक्स हे नाव ठाऊक झालं ते अशा सामन्यांतून. आता एक हिशेब पाहा. मिडलसेक्स क्लबनं काउंटी अजिंक्यपद एकट्यानं अकरा वेळा आणि वाटून दोन वेळा मिळवलं आहे. या तेरांपैकी आठ वेळा ते मिळालं आहे १९६५ नंतर, शेवटचं २०१६ साली. आणि हा क्लब ज्या लॉर्ड्सवर खेळतो, ते मैदान १८८९ पासूनच मिडलसेक्सच्या प्रशासकीय हद्दीबाहेर होतं. तेवढ्यासाठी क्लबनं नाव बदललं नाही, आणि लोकांनीही ते बदलायला सांगितलं नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. मिडलसेक्सचं नाव घेणारे परक्यांचा तिरस्कार करतात, हा तो मुद्दा. काही जण करतात. तीन वाकड्या सॅक्सन तलवारींचा लाल झेंडा घराबाहेर लावून शेजारच्या पंजाबी कुटुंबाशी न बोलणारा माणूस मीही पाहिला आहे. पण साउथॉलला पंजाबी कामगार पन्नासच्या दशकात आले, तेव्हा ते मिडलसेक्समध्येच आले. कारखान्यांतल्या रात्रपाळ्या करून त्यांनी घरं घेतली, तेव्हा कौन्सिल मिडलसेक्सची होती. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेले गुजराती वेम्बली आणि हॅरोला आले आणि त्यांनी नातेवाईकांना पाठवलेल्या पत्रांवर हेच नाव पडलं.

मी १९७८ मध्ये सांगलीहून आलो. आईला पहिला पत्ता पाठवला तेव्हा तिनं उत्तरात विचारलं, ‘तू लंडनला आहेस ना, मग हे मिडलसेक्स कुठलं?’ मी लिहिलं, हा इथला जिल्हा. ती बाई पुढे अठरा वर्षं दर पंधरा दिवसांनी निळ्या एरोग्रामवर तिच्या गोल अक्षरात ‘मिडलसेक्स’ लिहीत राहिली. तिला इंग्रजी शब्द फार थोडे येत, त्यातला हा एक. एका कार्यालयात माझ्या अर्जावरचं हे नाव समोरच्या माणसानं माझ्यादेखत लाल शाईनं खोडलं होतं, आणि त्या दिवशी मला वाटलं ते असं, की माझ्या आईचं अक्षर कोणी खोडतंय. स्नेह्यांनी मला सांगावं, ती कुठल्या गोऱ्या इंग्लंडची आठवण जपत होती?

तिरस्कार करणाऱ्यांच्या हाती एक नाव आहे म्हणून आपण ते सोडून दिलं, तर ते त्यांचंच होऊन बसेल. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यातले लोक, नीसडनला १९९५ मध्ये उघडलेल्या मंदिरातले लोक, डॉलिस हिलच्या गणपतीतले लोक, या सगळ्यांनी ज्या मातीत घर केलं तिला नाव आहे. ते घेण्याचा त्यांचा हक्क कोणाहून कमी नाही.

शेवटी स्नेह्यांनी विचारलं होतं, मग तुम्हाला हवं तरी काय, कौन्सिल परत हवी? नाही. हॅरोचा कारभार हॅरो बरो पाहते आहे, तो तिनं पाहावा. वेस्टमिन्स्टरला मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये २००९ पासून देशाचं सर्वोच्च न्यायालय बसतं, तेही तिथेच बसावं. मला पाट्या हव्यात. २०१४ मध्ये सरकारनंच जुन्या काउंट्यांच्या सीमेवर नावाच्या पाट्या लावायची मोकळीक द्यायचं ठरवलं. अक्सब्रिजला कोलनच्या पुलावर एक, टॉटनमला लीच्या पुलावर एक, आणि स्टेन्सला थेम्सवर एक. बाहेरून येणाऱ्या माणसानं पूल ओलांडताना वाचावं, की आता आपण मिडलसेक्समध्ये शिरतो आहोत. आणि पुढच्या दिवाळीच्या पाकिटावर मी माझा पत्ता पूर्वी लिहीत आलो तसाच लिहिणार आहे.